नाण्यातली चूक कशी ओळखायची?



आपल्या जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. त्यांच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळला ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. मुलं विचारतात, "सर, हे नाणं दुकानात का येत नाही?" कारण ते व्यवहारासाठी नाहीच. टांकसाळ ते संग्राहकांना जास्त किमतीला विकते.

पण काही स्मारक नाणी चलनातही आली. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ मध्ये नेहरूंच्या स्मरणार्थ निघालं. पुढे १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया. किराणा दुकानाच्या गल्ल्यात ही कधीमधी अजून दिसतात.

आता वर्षाच्या खाली बघा. चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. वर्गात एवढ्यावर एक तास सहज रंगतो.

चुकीच्या नाण्याची खरी गंमत कळायला नाणं कसं बनतं ते माहीत हवं. धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते. चकती सरकली की छाप एका बाजूला जातो. (वर्ष दिसत असेल तर अशा नाण्याला मागणी जास्त.) आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर तेच चित्र खोलगट आणि उलटं उमटतं. ठसा फिरला असेल तर घरीच कळतं: नाणं वर-खाली चिमटीत धरा आणि पान उलटल्यासारखं फिरवा. आपल्या आजच्या नाण्याची मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. अमेरिकेत २००७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या डॉलरच्या कडेवरची अक्षरंच हजारो नाण्यांवर राहून गेली, कारण ती वेगळ्या यंत्रावर उमटवायची होती.

मात्र झिजलेलं, ठोकलेलं, रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे. ते नुसतं खराब झालेलं नाणं.

पालकांनी इथे नीट लक्ष द्या. "वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" असले व्हिडिओ मुलं मोबाईलवर पाहतात. ही पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली आणि चलनातली आहेत. साध्या वापरलेल्या नाण्याला कुणी लाख देत नाही. समोरचा आधी नोंदणी फी, मग कर, मग कमिशन मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती असलं शुल्क कधीच मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. ओटीपी तर कुणालाच देऊ नका.

आणि हो, चांगलं नाणं सापडलं म्हणून चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून घासू नका. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. सहल नाशिककडे निघाली तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेतलं संग्रहालय मुलांना जरूर दाखवा.