मधु-बिअर
मध घालून आंबविलेली बिअर. मोड आणून वाळविलेल्या जवाचा अर्क हॉपच्या फुलोऱ्यांसह उकळतात. तो निवत आल्यावर मध व नंतर यीस्ट मिसळतात. मध उकळल्यास त्याचा सुवास उडून जातो. मधाने पेय गोड होते, हा नवशिक्यांचा समज चुकीचा आहे. मधातील सु. ८०% शर्करा जवळजवळ पूर्णपणे आंबत असल्याने गोडी उरत नाही. उलट अल्कोहॉलाचे प्रमाण वाढते. किण्वन संपण्यापूर्वी बाटल्या बंद केल्यास वायूच्या दाबाने त्या फुटतात. किण्वनास सामान्यतः सु. २०° से. तापमान मानवते, पुसद (यवतमाळ जिल्हा) येथे उन्हाळ्यात ते ४०° से. च्या वर जात असल्याने चव बिघडते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार विनापरवाना मद्यनिर्मिती, घरगुती असली तरी, गुन्हा ठरते.