भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या हवाई स्क्वाड्रनची वाटचाल : एक अभ्यास

प्रस्तावना :
युद्धाच्या इतिहासात सेनापती, लढाया आणि शस्त्रे यांना जेवढे स्थान मिळते तेवढे स्थान प्रत्यक्ष लढणाऱ्या लहान घटकांना मिळत नाही. हवाई स्क्वाड्रन हा असाच एक घटक होय. विमाने, वैमानिक, तंत्रज्ञ आणि त्यांची कार्यपद्धती यांची मिळून स्क्वाड्रन बनते. विमाने जुनी होऊन निवृत्त होतात, माणसे बदलतात, पण स्क्वाड्रनचा क्रमांक, बोधचिन्ह आणि परंपरा पुढे चालू राहते. हे सातत्य नेमके कशाचे असते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आय.एन.ए.एस. ३०० या स्क्वाड्रनच्या आधारे केला आहे.

स्थापना व सी हॉक पर्व :
दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकाम थांबलेली ‘हर्क्युलिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका भारताने १९५७ साली खरेदी केली. ती पूर्ण होऊन ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. तिच्यावरील लढाऊ विमानांसाठी त्याआधीच, ७ जुलै १९६० रोजी, ब्रिटनमधील तुकडीच्या प्रशिक्षणातून ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली होती. तिला सी हॉक ही एक आसनी जेट विमाने मिळाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर विमान उतरविले. पुढे हेच अधिकारी नौदलप्रमुख झाले.

३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईत पोहोचली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला आणि दाबोळीचा विमानतळ भारताच्या ताब्यात आला. कोईमतूरजवळ सुरू झालेला ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ १९६४ साली दाबोळी येथे हलविण्यात आला. तेव्हापासून गोवा हे या स्क्वाड्रनचे किनाऱ्यावरील घर बनले.

डेकवरील उड्डाणाचे तंत्र :
या स्क्वाड्रनचा इतिहास समजून घेण्यासाठी डेकचे तंत्र लक्षात घेणे आवश्यक आहे. जमिनीवरील धावपट्टी हजारो मीटर लांब असू शकते. विक्रांतचा डेक मात्र सुमारे २१३ मीटरच होता. एवढ्या अंतरात विमानाला वेग मिळावा म्हणून वाफेच्या कॅटापुल्टने ते पुढे फेकले जाई. उतरताना विमानाच्या शेपटीखालील हूक डेकवर ताणलेल्या तारेत अडकवून ते थांबविले जाई. दोन्ही वेळी नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगाने चालणे गरजेचे असे, कारण नौकेचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज विमानाच्या उपयोगी पडते. म्हणजेच वैमानिकाचे प्राण इंजिनाइतकेच नौकेच्या बॉयलरवरही अवलंबून असत.

१९७१ ची कसोटी :
१९६५ च्या युद्धाच्या वेळी विक्रांत मुंबईत दुरुस्तीसाठी होती. त्यामुळे एवढा खर्च करून विमानवाहू नौका बाळगावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला. १९७१ मध्ये नौकेच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता आणि तिचा वेग मर्यादित झाला होता. अशा स्थितीत तिला युद्धात उतरविणे हा जोखमीचा निर्णय होता. न उतरविल्यास स्क्वाड्रनचे प्रयोजनच शंकास्पद ठरले असते. अखेर तिला बंगालच्या उपसागरात धाडण्यात आले. ४ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर आणि त्याच दिवशी पुढे चितगाववर हल्ला केला. त्यानंतरच्या दिवसांत धावपट्ट्या, बंदरे आणि जहाजे यांवर हल्ले चालूच राहिले. अलिझे विमानांच्या ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचीही त्यांना साथ होती. पूर्व पाकिस्तानचा सागरी मार्ग बंद करण्यात या कारवाईचा मोठा वाटा होता. विशेष म्हणजे या मोहिमेत एकही सी हॉक गमवावे लागले नाही. गुप्ता यांना महावीर चक्राने गौरविण्यात आले.

सी हॅरिअर पर्व :
१६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली सी हॅरिअर विमाने दाबोळीस पोहोचली. त्यांचे नेतृत्व करणारे अरुण प्रकाश पुढे नौदलप्रमुख झाले. या विमानाच्या इंजिनाचा झोत चार फिरत्या नळ्यांतून खाली वळविता येत असे. त्यामुळे ते थोडक्या अंतरात उड्डाण करून सरळ खाली उतरू शकत असे. विक्रांतवर पुढे कॅटापुल्टऐवजी चढाचा स्की-जंप आला. १९८७ साली ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका दाखल झाली.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. अपघातांत अनेक विमाने आणि वैमानिक गमावले गेले व कालांतराने ताफा निम्म्याहून कमी झाला. दुसरी किंमत चटकन दिसणारी नव्हती. १९८७ साली विक्रांतवरून अलिझेची उड्डाणे थांबली आणि तारेच्या साहाय्याने डेकवर उतरण्याचे कौशल्य जवळजवळ पाव शतक नौदलाच्या प्रत्यक्ष वापरातून गेले.

परंपरेचे हस्तांतरण :
११ मे २०१६ रोजी हंसा तळावर सी हॅरिअर विमानांना निरोप देण्यात आला. त्याच समारंभात स्क्वाड्रनने मिग-२९के हे विमान स्वीकारले. हे विमान स्की-जंपवरून उडते, परंतु उतरते मात्र तारेच्या आधारे. म्हणजे सी हॉकच्या काळातील कौशल्य नव्या पिढीला पुन्हा शिकावे लागले. त्यासाठी काही वैमानिकांनी परदेशात प्रशिक्षण घेतले आणि गोव्यात स्की-जंप व तारा यांची सरावसुविधा किनाऱ्यावर उभारण्यात आली. २०१३ साली ‘विक्रमादित्य’ आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वदेशात बांधलेली नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला आहे.

निष्कर्ष :
१) या स्क्वाड्रनचे भवितव्य विमानांइतकेच उपलब्ध नौकेवर अवलंबून राहिले. १९६५ व १९७१ मधील फरक हेच दर्शवितो.
२) नवे तंत्रज्ञान स्वीकारताना जुने कौशल्य लुप्त होऊ शकते आणि ते परत मिळविण्यास वेळ, पैसा व परिश्रम लागतात.
३) बोधचिन्ह आणि क्रमांक जपणे सोपे असते, अनुभव जपणे अवघड असते. क्रमांक समारंभाने सुपूर्द करता येतो. अनुभव मात्र शिकविणारा आणि शिकणारा एकाच डेकवर असेल तरच पुढे जातो. म्हणून दोन पर्वांमध्ये खंड पडू न देणे हेच अशा घटकाच्या नियोजनाचे पहिले सूत्र ठरते.