स्फोटापूर्वी तो तारा कसा होता?

आकाशात अतिनवतारा प्रकटला, की पहिला प्रश्न येतो : हा स्फोट कोणत्या ताऱ्याचा? तारा तर उद्ध्वस्त झालेला असतो. म्हणून त्या जागेची जुनी छायाचित्रे शोधायची, तेथे आधी कोणता तारा होता ते पाहायचे आणि स्फोटाचे तेज ओसरल्यावर तो तारा खरोखर नाहीसा झाला का, याची खात्री करून घ्यायची.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात असा स्फोट दिसला. सातारा-सांगलीहून ती जागा दक्षिण क्षितिजावर जेमतेम तीन-चार अंश वर येते. जुन्या छायाचित्रांत तेथे सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा निळा महाराक्षसी तारा होता. असे स्फोट तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांचे होतात, ही समजूत त्यामुळे बदलावी लागली.

दुसरे उदाहरण कृष्णाकाठाशी जोडलेले आहे. सांगलीहून नदीकाठाने खाली गेले, की कुरुंदवाड लागते. तेथे १९५६ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली २००९ मध्ये अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत एक प्रकल्प सुरू झाला. ४८ इंची दुर्बिणीने आकाशाची पुन्हापुन्हा छायाचित्रे घ्यायची आणि संगणकाने नव्या छायाचित्रातून जुने वजा करायचे. उरेल तो ठिपका नवा!

२४ ऑगस्ट २०११ रोजी सप्तर्षीतील एम १०१ या दीर्घिकेत असा ठिपका सापडला. ही दीर्घिका सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचू लागून तेव्हा अर्धा दिवसही झाला नव्हता. हबल दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत त्या जागी काहीच दिसले नाही. पण 'न दिसणे' हाही पुरावाच! शेजारी तेजस्वी तांबडा राक्षसी तारा असता, तर तो दिसला असता. तसेच मोठ्या आकाराचा तारा फुटला असता, तर पहिल्या काही तासांत प्रकाश अधिक असता. वर्णपटात कार्बन व ऑक्सिजन आढळले. म्हणजे फुटला तो चिमुकला श्वेतबटू होता.

मे २०२३ मध्ये त्याच दीर्घिकेत आणखी एक स्फोट झाला. या वेळी जुन्या छायाचित्रांत धुळीने वेढलेला तांबडा महाराक्षसी तारा सापडला.

हिवाळ्यात मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी जरूर पाहा. तो याच जातीचा आहे. त्याचा स्फोट कधी होईल हे सांगता येत नाही. पण त्याची 'जुनी छायाचित्रे' मात्र आजच तयार आहेत.