चिकट रबर आणि चेंडूची फिरकी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील कोक भट्ट्यांत दगडी कोळसा हवेचा स्पर्श होऊ न देता हजार अंशांहून अधिक तपमानाला भाजला जातो. लोखंडाच्या झोतभट्टीला लागणारा कोक भट्टीत मागे उरतो. कोळशातून निघालेले वायू आणि बाष्पे थंड करून त्यांतून डांबर, बेंझॉल, अमोनियम सल्फेट असे जोडपदार्थ मिळवितात. सोव्हिएट संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पोलाद हे तेथील मुख्य उत्पादन असले, तरी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोक भट्टीच्या शेजारचा जोडपदार्थांचा विभाग अधिक मनोरंजक वाटेल.

कोक भट्ट्यांतून मिळणाऱ्या अशा डांबरात व हलक्या तेलात कूमॅरोन आणि इंडीन नावाची दोन द्रव्ये असतात. त्यांपासून एक पिवळसर ते तपकिरी रंगाची राळ तयार होते. रबराच्या धंद्यात ही राळ फार दिवसांपासून वापरात आहे. टायर बांधताना रबराचे थर एकमेकांवर बसवितात, तेव्हा ते पक्के होईपर्यंत एकमेकांना धरून राहावेत म्हणून रबरात चिकटपणा आणणारे द्रव्य मिसळावे लागते. टेबल टेनिसच्या बॅटीवरील ‘चिकट’ रबराचे तत्त्व याच कुळातले. कोणता कारखानदार कोणती राळ किती घालतो हे तो सहसा सांगत नाही, आणि भिलाईचे डांबर कोणाच्या बॅटीपर्यंत पोहोचते असेही येथे सुचवावयाचे नाही. तथापि रबराला चिकटपणा मुद्दाम द्यावा लागतो ही गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते, आणि तिच्यापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

कच्चे रबर मुळात चिकटच असते. उन्हाळ्यात ते मऊ होऊन हाताला लागे आणि थंडीत कडक होऊन तडकत असे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापविले असता हा दोष नाहीसा होतो असे आढळले. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना ठिकठिकाणी एकमेकांशी बांधून टाकतात. रबर ताणले जाते, परंतु वाहत नाही, आणि सोडताच मूळ आकाराला परत येते. जो चिकटपणा घालविण्यासाठी गुडइयरने आपले अर्धे आयुष्य आणि सगळा पैसा वेचला, तोच चिकटपणा आज बॅटीच्या रबरावर मोजूनमापून परत आणला जातो, आणि खेळाडू त्यासाठी जादा पैसे मोजतात.

बॅटीवर रबर असावे की नाही, असल्यास किती जाड असावे, हा वाद चिकट रबराहून जुना आहे, आणि त्यातील सर्वांत मोठा प्रसंग मुंबईत घडला. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा प्रथमच आशियात, मुंबई येथे भरली. तोपर्यंत बहुतेक खेळाडूंच्या लाकडी बॅटीवर दाणेदार रबराचा एकच पातळ थर असे. चेंडू त्यावर ‘टक्’ असा वाजे, आणि प्रतिस्पर्धी डोळ्यांबरोबर कानांनीही खेळत असे. जपानचा हिरोजी सातो हा चष्मा लावणारा खेळाडू मात्र जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. त्याच्या फटक्याला आवाज जवळजवळ नसेच. चेंडू स्पंजात रुतून बाहेर पडे, आणि किती वेगाने येणार याचा अंदाज समोरच्याला येईना. युरोप-अमेरिकेच्या नामवंत खेळाडूंची त्याच्यापुढे डाळ शिजली नाही. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोसियानचा पराभव करून सातोने विजेतेपद मिळविले. सांघिक स्पर्धा मात्र हंगेरीने जिंकली, हे विसरता कामा नये. केवळ स्पंजाने सर्व काही साधले असते तर तसे झाले नसते.

मुंबईनंतर खेळाचे रूप पालटले. काही देशांना स्पंज मुळीच नको होता, तर काहींना त्यावर कोणतेही बंधन नको होते. अखेर १९५९ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने मधला मार्ग काढला. नुसता स्पंज वापरता येणार नाही; स्पंजावर रबराचा थर हवा, आणि डिंकासह दोहोंची मिळून जाडी चार मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे ठरले. रबराचे दाणे बाहेरच्या बाजूस ठेवता येतात किंवा आत स्पंजाकडे वळवून बाहेर गुळगुळीत पृष्ठ ठेवता येते. चिकट रबर या दुसऱ्या प्रकारात मोडते. शांघायच्या डबल हॅपीनेस कंपनीचे ‘हरिकेन’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. २०१६ आणि २०२१ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत एकेरीचे सुवर्णपदक मिळविणारा चीनचा मा लाँग याच रबराने खेळत असे.

आता हे रबर करते तरी काय? दुकानात त्याची परीक्षा ठरलेली असते. चेंडू टेबलावर ठेवून त्यावर बॅट दाबतात आणि अलगद उचलतात. चेंडू बॅटीला चिकटून काही क्षण लोंबकळला, की गिऱ्हाईक खूश होते. या परीक्षेचे मोल किती, हे थोड्या अंकगणिताने कळेल.

चेंडूचे वजन २.७ ग्रॅम असते. तो सेकंदाला १० मीटर वेगाने आला आणि २० मीटर वेगाने परत गेला असे समजू. बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. एवढ्या अल्प काळात वेगात ३० मीटरचा फरक पडावयाचा, तर बॅटीने चेंडूला सरासरी सुमारे ८ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने दाबले पाहिजे. दुकानातील परीक्षेत चिकटपणाने पेललेले ओझे होते केवळ २.७ ग्रॅम, म्हणजे खऱ्या फटक्यातील दाबाच्या तीन हजारांश. शिवाय परीक्षेतील उचल संथ असते आणि खेळातील सुटका झटक्याची. चिकट पट्टी हळू सोलली तर सहज निघते, जोराने ओढली तर अधिक विरोध करते, हा अनुभव पुष्कळांना असेल. तेव्हा लोंबकळणाऱ्या चेंडूवरून सामन्यातील वर्तन ताडणे हे हळू सोललेल्या पट्टीवरून झटक्याचा अंदाज करण्यासारखेच आहे. पृष्ठ चिकट आहे एवढेच ती परीक्षा सांगते. फिरकी किती पडेल, ते सांगत नाही.

फिरकीचे गणित निराळे आहे. पोकळ चेंडूला सेकंदाला शंभर फेरे देणे उत्तम खेळाडूला साधते. एक सहस्रांश सेकंदात तेवढे फेरे द्यावयाचे, तर चेंडूच्या पृष्ठाला त्याच्या कडेच्या दिशेने सव्वादोन किलोग्रॅम वजनाइतकी ओढ द्यावी लागते. ही ओढ घर्षणातून मिळते. रबर गुळगुळीत आणि जुने असेल, म्हणजे दाबाच्या निम्मीच ओढ देत असेल, तर सव्वादोन किलोंच्या ओढीसाठी साडेचार किलोंचा दाब हवा. पण तेवढा दाब दिला की चेंडू केवळ फिरत नाही. तो वेगाने पुढेही सुटतो. उलट रबराची ओढ दाबाइतकी किंवा त्याहून अधिक असेल, तर चेंडूला नुसते घासून, हलका दाब देऊनही पुष्कळ फिरकी देता येते आणि चेंडू मात्र संथच राहतो.

चिकट रबराचे सारे सामर्थ्य या एका वाक्यात आले. कठीण पदार्थांत घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते व दाब शून्यावर आला की तेही शून्यावर येते. रबर तसे वागत नाही. ते चेंडूच्या पृष्ठाशी खोलवर जुळते, आणि त्यात चिकटपणा असला तर दाब अगदी थोडा असतानाही पकड टिकते. म्हणून सर्व्हिसमध्ये त्याचा गुण सर्वांत ठळक दिसतो. खेळाडू चेंडूच्या खालच्या बाजूला बॅट पातळशी ओढतो. चेंडू जाळ्यापलीकडे जेमतेम पडतो, परंतु त्यात इतकी उलटी फिरकी भरलेली असते की बेसावध प्रतिस्पर्ध्याचा चेंडू थेट जाळ्यात जातो. आखूड चेंडूला आखूड उत्तर देणे, खालून आलेल्या चेंडूला घासून वर उचलणे, अशा ठिकाणीही हे रबर हाताला विश्वास देते. मंद गतीचा, उंच कमानीने जाणारा आणि टेबलावर टप्पा पडताच पुढे झेप घेणारा चेंडू ही तर त्याची खासियतच मानतात. पुढची फिरकी असलेल्या चेंडूला हवा खाली दाबते. त्यामुळे पावणेतीन मीटर लांबीच्या टेबलावर, सव्वापंधरा सेंटिमीटर उंचीच्या जाळ्यावरून तो निर्धास्तपणे मारता येतो.

परंतु जोराच्या फटक्यात हा लाभ आटतो. दाब आठ किलोंचा झाला की कोणत्याही चांगल्या रबराची पकड पुरते; तेथे चिकटपणाची भर फारशी उरत नाही. उलट त्याची किंमत द्यावी लागते. चेंडू सुटताना चिकट पृष्ठ त्याला थोडे मागे ओढते, आणि रबराच्या रेणूंच्या घसरण्यात जी शक्ती उष्णता होऊन जाते ती चेंडूला परत मिळत नाही. त्यातच अशा रबराखाली बहुधा कडक स्पंज असतो. कडक स्पंज हलक्या फटक्याने दबत नाही, म्हणून तो परत काही देतही नाही. पूर्ण ताकदीचा फटका बसला तरच तो जागा होतो. खेळाडू अशा रबराला ‘मेलेले’ म्हणतात. हे वर्णन अन्यायाचे आहे. ते रबर मेलेले नसते. स्वतःहून वेग देत नाही, एवढेच. खेळाडूने पायापासून कमरेपर्यंत आणि कमरेपासून मनगटापर्यंत साऱ्या शरीराची गती त्यात घातली, तर तो वेग चेंडूत उतरतो आणि तोही खेळाडूने ठरविलेल्या प्रमाणात. उसळी देणाऱ्या रबराचा फटका अर्ध्या हालचालीतही लांब जातो, आणि कधी नको तेव्हाही लांब जातो.

पुढाकार न घेता बॅट नुसती आड धरली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. समोरून जोराने आलेला चेंडू चिकट रबरावर आदळून आखूड पडतो. प्रतिस्पर्धी टेबलापासून दूर उभा असेल तर हे त्याला महागात पडते. मात्र चेंडू फिरकी घेऊन आला असेल, तर तीच पकड आता त्याच्या फिरकीलाही धरते, आणि बॅटीचा कोन थोडा चुकला तरी चेंडू भलतीकडे उडतो. दुसऱ्याच्या फिरकीचा त्रास ज्याला टाळावयाचा आहे तो याच्या अगदी उलट साधन निवडतो. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी मनिका बत्रा बॅटीच्या एका बाजूस लांब दाण्यांचे रबर वापरते. त्यावर पकड इतकी कमी असते की आलेली फिरकी बरीचशी तशीच परत जाते. अनेक चिनी खेळाडू उजव्या फटक्यासाठी चिकट रबर लावून, जेथे हात वळविण्यास जागा कमी असते त्या डाव्या फटक्यासाठी अधिक उसळीचे रबर लावतात. निवडीमागे ही साधी यांत्रिकी आहे.

शाळेतील मुलांच्या बाबतीत हा प्रश्न खर्चाचा व सवयीचाही होतो. जगज्जेत्याच्या बॅटीवर जे रबर आहे तेच आपल्या बॅटीवर असावे, असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याचा फटका अजून पुरा बनलेला नाही, त्याच्या हाती कडक आणि चिकट रबर दिले, तर त्याचा चेंडू पलीकडे पोहोचत नाही. मग तो खांद्याच्या जोराने ओढू लागतो, आणि एकदा जडलेली ती खोड सुटता सुटत नाही. मध्यम मऊ स्पंजाचे, चांगली पकड असलेले परंतु फार चिकट नसलेले रबर त्याला अधिक शिकविते. फटका तयार झाल्यावर चिकट रबर त्याला त्याचे फळ देईल.

विज्ञानाच्या तासाला हे सर्व पाहता येते. नियमाप्रमाणे टेबलाचा पृष्ठभाग असा असावा लागतो की ३० सेंटिमीटरांवरून सोडलेला चेंडू सुमारे २३ सेंटिमीटर उसळावा. दोन बॅटी, एक चिकट आणि एक साधी, टेबलावर घट्ट बसवून त्याच उंचीवरून चेंडू सोडावा आणि मागे उभ्या पट्टीवर उसळी मोजावी. नंतर बॅटी तिरप्या ठेवून चेंडूवर शाईचा एक ठिपका काढावा, आणि तो उसळताना किती फिरतो ते पाहावे. एकाच प्रयोगात उसळी आणि पकड या दोन गुणांची फारकत विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे येईल. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हाच प्रयोग वेगवेगळा केल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. भिलाईसारख्या ठिकाणी मे महिन्यातील कोरड्या हवेनंतर जुलैत हवा दमट होते. रबरावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, आणि पकड धरणारे रबर अचानक निसटू लागते. खेळाडू दोन गुणांच्या मध्ये बॅट पुसताना दिसतात, ते याचसाठी.

धूळ हा चिकट रबराचा दुसरा शत्रू. जे चेंडूला धरते ते धुळीलाही धरते, आणि एकदा बारीक कणांचा थर बसला की चेंडूचा स्पर्श रबराला न होता धुळीला होतो. खेळ संपल्यावर ओल्या, स्वच्छ स्पंजाने रबर पुसावे, वाळू द्यावे आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बसवून हवा बाहेर दाबावी. तेल किंवा इतर द्रव्य चोळून उसळी वाढविण्याचा मोह मात्र आवरावा: उडून जाणाऱ्या द्रावकांचे डिंक २००८ पासून बंद झाले आहेत, आणि मान्यता मिळालेल्या रबरावर रासायनिक प्रक्रिया करणेही नियमबाह्य आहे.