मातीची पट्टी नेमकं काय करते?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात उरुळी कांचन येतं. मार्च 1946 मध्ये गांधीजी इथे येऊन राहिले, गावातल्या आजाऱ्यांना तपासू लागले आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. पुढे मणिभाई देसाईंनी तो आयुष्यभर सांभाळला. निसर्गोपचार म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी व्याख्या सांगत नाही. मातीच्या पट्टीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावरून उलगडतं.

माती वरची घ्यायची नाही. जिथे खत, फवारणी किंवा सांडपाणी पोचलेलं नाही अशा जागी दोन-तीन फूट खणून ती काढतात. कडक उन्हात वाळवतात, खडे-मुळं चाळून टाकतात आणि रात्रभर गार पाण्यात भिजवतात. सकाळी ती थालीपीठाच्या पिठाइतकी सैल झालेली असते. सुती पंचावर बोटभर जाडीचा थर देऊन घडी घालायची आणि ती उपाशीपोटी ओटीपोटावर ठेवायची. वीस ते तीस मिनिटं पुरतात. पहिला स्पर्श अंगावर काटा आणतो, मग हळूहळू बरं वाटू लागतं.

हे बरं वाटणं कुठून येतं? ओलं फडकं अंगाच्या उबेने काही मिनिटांत कोमट होतं. भिजलेली माती पुष्कळ पाणी धरून ठेवते, म्हणून तापायला वेळ घेते आणि तितका वेळ कातडीची उष्णता शोषत राहते. गारव्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. पट्टी काढून पोट पुसून चोळलं की त्या पुन्हा पसरतात आणि तिथे ऊब येते. माती शरीरातलं विष ओढून घेते असं सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

पोटाच्या लपेटीचं तंत्र याच्या उलट आहे. गार पाण्यात पिळलेली सुती पट्टी पोटाभोवती गुंडाळून वर कोरडी लोकर घट्ट बांधतात. वारा लागत नाही, म्हणून पाणी उडून जात नाही आणि अंगाच्या उबेने तीच गार पट्टी तापून शेक होते. म्हणजे पाणी तेच, पण वर काय घातलं यावर परिणाम ठरतो. पाण्याचाच आणखी एक उपचार, टबात बसून घ्यायचं कटिस्नान, लाइपझिगच्या लुई कुन्हे यांनी प्रसिद्ध केलं. मातीची ओढ गांधीजींना लागली ती अडॉल्फ जुस्ट यांचं पुस्तक वाचून, दक्षिण आफ्रिकेत. 1942 साली आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यातही माती आणि पाण्याला मानाची जागा आहे.

पण खरं सांगायचं तर निसर्गोपचार केंद्रांमध्ये माणसाला सर्वांत जास्त उपयोग होतो तो ताटाचा आणि दिनक्रमाचा. भाज्या, फळं, भाकरी, कमी मीठ, लवकर जेवण, वेळेवर झोप, रोजचं चालणं. रक्तदाब, वजन, बद्धकोष्ठ यांवर याचा परिणाम होतो आणि तो घरी परतल्यावरही टिकवता येतो. माती मात्र आश्रमातच राहते.

आता जपायचं कुठे? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनानेच उपास धरला तर साखर धोकादायक खाली जाते. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम पादस्नान घेऊ नये, चटका बसलेला कळतही नाही. उपचार देणाऱ्याचं शिक्षण विचारा. या शास्त्राची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे. आणि चालू औषधं तुमच्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींच्या पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स निघालं. मातीवर एवढी श्रद्धा असलेल्या या माणसाने पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. तुमच्याही पोटात उजवीकडे खाली कळ येऊन थांबत नसेल, तर पट्टी भिजवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.