किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या वैजापूरच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, शिक्षकखोलीत एकदा वडगावच्या भोंग्यावरून चांगलाच वाद रंगला. हे वडगाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याचे मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरल्या, नंतर शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाईल सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी गावातील महिलांच्या सभेत हा विषय मांडला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने एक नवा रिवाज पाडला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही बंद करायचा, मोबाईल बाजूला ठेवायचा. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. साडेआठला दुसरा भोंगा झाला की सारे मोकळे.

आमचे गणिताचे सर म्हणाले, "भोंगा म्हणजे काही कुलूप नव्हे. ज्याला बघायचे तो दार लावून बघेलच." त्यावर दुसरे एक जण म्हणाले, "मग खरेखुरे कुलूपच का लावू नये?"

असे कुलूप असते. आपल्याला नादी लावणाऱ्या संकेतस्थळांना आणि ॲपना ठरावीक वेळ स्वतःच बंदी घालण्याची सोय आज बहुतेक फोनांत आणि संगणकांत आहे. पण त्या आधी एक कोडे सोडवायला हवे. मोबाईल माझा, बोट माझे, इच्छाही माझीच. बघायचे नसेल तर बघू नये; स्वतःलाच कोंडून घेण्याची वेळ का यावी?

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहा. मुलांना विचारा : आज १०० रुपये घ्याल की उद्या ११०? पुष्कळ जण आजचे शंभर मागतील. आता विचारा : ३० दिवसांनी १०० की ३१ दिवसांनी ११०? त्यातलेच बरेच जण म्हणतील, एवढे थांबलोच आहोत तर आणखी एक दिवस थांबू. दोन्ही प्रश्नांत फरक एकाच दिवसाचा आणि दहाच रुपयांचा. मग उत्तर का पालटते?

रोटेगावहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जाताना दौलताबादच्या किल्ल्याचा डोंगर दिसू लागतो. दूर असताना तो आजूबाजूच्या सगळ्या झाडांहून उंच दिसतो. पण खिडकीजवळून एखादे बाभळीचे झाड गेले की क्षणभर ते डोंगरालाही झाकून टाकते. लहान पण अगदी जवळ आलेल्या सुखाचे असेच होते. सकाळी विचारले तर रात्रीचे वाचन मोठे आणि मोबाईल लहान दिसतो. रात्री नऊला मोबाईल हाताशी येतो आणि वाचन त्याच्यामागे दडते. सकाळचा मी आणि रात्रीचा मी यांचे मत जुळत नाही. रॉबर्ट स्ट्रॉट्झ या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ साली हीच विसंगती गणिताने मांडली होती. आपले मन पुढे बदलणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने आधीच स्वतःचे हात बांधून ठेवणे शहाणपणाचे, असा मार्गही त्याने दाखवला.

हे हात बांधणे केवळ माणसांनाच जमते असे नाही. जॉर्ज एन्स्ली या संशोधकाने १९७४ साली कबुतरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पिंजऱ्यातील लाल कळ टोचली तर थोडे दाणे लगेच मिळत. न टोचता थांबले तर जास्त दाणे मिळत. लाल कळ समोर आली की कबुतरे ती जवळजवळ दरवेळी टोचतच. मग त्याने आधी एक हिरवी कळ ठेवली. ती टोचली तर त्या फेरीला लाल कळ येतच नसे. काही कबुतरे ती हिरवी कळ टोचायला शिकली! मोह समोर उभा राहिल्यावर त्यांचा निश्चय वाढला नव्हता. मोह समोर येणारच नाही, एवढी व्यवस्था त्यांनी थोडी आधी करून ठेवली. आपल्याकडे लहान मुलांना मातीचा गल्ला देतात तोही याच जातीचा. नाणे आत टाकायला फट असते, काढायला नसते. काढायचे तर फोडावा लागतो, आणि फोडण्याआधी मूल दोनदा विचार करते.

समाजमाध्यमांत ही लाल कळ मुद्दाम फार जवळ आणून ठेवलेली असते. पूर्वी पान संपले की पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे. तेवढ्या वेळात माणूस भानावर येई. आझा रास्किन याने २००६ साली न संपणाऱ्या पानाची कल्पना पुढे आणली आणि तो थांबाच गेला. पुढे या शोधाबद्दल त्याने स्वतःच खेद व्यक्त केला. शिवाय पुढच्या सरकवणीला काय मिळेल हे ठरलेले नसते. कधी मित्राचा फोटो, कधी नुसता कचरा. बक्षीस अनियमितपणे मिळत राहिले तर प्राणी ती क्रिया सोडता सोडत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून कधीच दाखवले होते.

आता कुलपाकडे वळू. संगणकावर आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्राला कळतो तो अंकांचा पत्ता. नावावरून पत्ता सांगणारी जगभरची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस याने १९८३ साली आखली. त्यापूर्वी जाळ्यातील सर्व संगणकांची नावे आणि पत्ते 'होस्ट्स' नावाच्या एकाच यादीत असत आणि तिची प्रत ज्याने त्याने आपल्याकडे ठेवायची. गंमत अशी, की ती यादी अजूनही आपल्या संगणकात असते, आणि बाहेर कोणाला विचारण्याआधी संगणक सहसा तिच्यात डोकावतो. त्या यादीत फेसबुकच्या नावासमोर १२७.०.०.१ असे लिहून ठेवले की काम झाले. या अंकांचा अर्थ 'मी स्वतः'. पाकिटावर आपल्याच घरचा पत्ता घातल्यासारखे ते टपाल बाहेर न जाता घरीच परत येते, आणि पडद्यावर 'पान सापडत नाही' असे उमटते. म्हणजे कुलूप त्या संकेतस्थळाला लागतच नाही. ते लागते आपल्या वहीतल्या पत्त्याला.

अर्थात ज्याने तो पत्ता खोडला त्याला तो पुन्हा लिहिता येतो. फोनमध्ये तर काम आणखी सोपे. ॲपल आणि गूगल या दोघांनीही २०१८ साली वेळेची मर्यादा घालण्याची सोय दिली. पण मर्यादा संपल्यावर पुष्कळदा तिथेच 'आज राहू द्या' अशा अर्थाची कळ असते किंवा दोन पावलांत मर्यादा काढता येते. हे म्हणजे कपाटाला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवणे. कुलूप किती मजबूत यापेक्षा किल्ली कुठे आहे हे येथे जास्त महत्त्वाचे.

बँकांना हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. दरोडेखोर रात्री व्यवस्थापकाला घरातून उचलत आणि धाक दाखवून त्याच्याकडून तिजोरी उघडवून घेत. अमेरिकेत जेम्स सार्जंट याने १८७३ साली घड्याळावर चालणारे कुलूप बनवले. सकाळची ठरलेली वेळ होईपर्यंत ते खुद्द व्यवस्थापकालाही उघडत नसे. मग त्याला धमकावण्यात अर्थच उरेना. 'सेल्फकंट्रोल' नावाचा एक मोफत प्रोग्राम मॅक संगणकासाठी आहे, तो याच वळणाचा. एकदा तास ठरवून सुरू केला की संगणक बंद करून पुन्हा लावा, नाही तर तो प्रोग्रामच पुसून टाका, वेळ संपेपर्यंत बंदी उठत नाही. येथे किल्ली घड्याळाच्या हाती असते.

इतकी कडक व्यवस्था नसली तरी उपयोग होतो काय? हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झको आणि लीना साँग यांनी अमेरिकेतील सुमारे २००० प्रौढांवर केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींच्या फोनवर मर्यादा ठरवण्याचे साधन दिले होते. ठरवायचे ज्याचे त्यानेच. मात्र मर्यादेत केलेला बदल दुसऱ्या दिवसापासून लागू होई. या मर्यादेसाठी पैशाचे आमिष नव्हते, तरी समाजमाध्यमे आणि तत्सम ॲपवरचा वेळ सरासरी १६ टक्क्यांनी, म्हणजे दिवसाला सुमारे २२ मिनिटांनी कमी झाला. आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण रात्रीच्या 'मी'ला सकाळच्या 'मी'चे ऐकायला लावणे एवढ्यानेही काही साधते, हे त्यातून दिसते.

मी स्वतः फोनचा संकेतांक पत्नीकडून टाकून घेतला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून राहत होते, म्हणून. पहिल्याच आठवड्यात रात्री अकरा वाजता मी तो मागायला गेलो. तिने एवढेच विचारले, "काय बघायचंय?" मला उत्तर देता येईना, आणि मी निमूटपणे परत आलो. बंदी मी घातलेली, पण ती उठवण्यासाठी कोणाला तरी कारण सांगावे लागणे, हाच त्यातला खरा अडसर होता. शिक्षकांची अडचण अशी, की शाळेच्या सूचनाही व्हॉट्सॲपवरच येतात. तो बंद करून चालत नाही. तेव्हा भिंत बांधण्यापेक्षा चाळणी लावावी. मी फेसबुक आणि यूट्यूब बंद ठेवले, व्हॉट्सॲप चालू ठेवले. चाळणीतून थोडा कोंडा येतोच.

आता पुन्हा वडगाव. भोंग्याला कुलूप नाही हे गणिताच्या सरांचे म्हणणे खरे. पण समाजमाध्यमाची ओढ माणसांमुळे असते. कोणी तरी काही पाठवेल, आपले राहून जाईल, ही ती ओढ. एकटा मुलगा मोबाईल बाजूला ठेवतो तेव्हा त्याचे मित्र तिकडे बोलतच असतात. सगळ्या गावाने एकाच वेळी ठेवला, तर गावच्या मित्रांचा गटच गप्प होतो आणि राहून जाण्यासारखे फारसे काही उरत नाही. शिवाय सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगत होते. म्हणजे किल्ली शेजाऱ्याच्या नजरेत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला आणि मोडल्यास दंड ठेवला. दोन्ही बातम्या एकाच प्रकारच्या म्हणून वाचल्या जातात, पण मला त्या वेगळ्या वाटतात. वडगावात मोठ्यांनी स्वतःचाही मोबाईल ठेवला होता. बान्सीच्या ठरावात कुलूप एकाने दुसऱ्याला लावले आहे. ते गैरच असे मी म्हणणार नाही, पण हिरवी कळ टोचायला शिकलेल्या कबुतराची गोष्ट तिथे लागू पडत नाही. आपण वर्गात मोबाईल जप्त करतो, तेही दुसऱ्या प्रकारात मोडते.

या सगळ्यावर दहावीच्या वर्गात बोललो, तेव्हा कोणाकडे किल्ली द्याल असे मुलांना विचारले. बहुतेकांनी मित्राचे नाव घेतले. मित्र लगेच देऊन टाकतो, हे त्यांना दोन दिवसांत कळले. एका मुलाने मात्र मित्राकडून संकेतांक टाकून घेतला, मित्रालाच तो कागदावर लिहायला लावला, आणि घडी न उघडता आजीच्या स्वाधीन केला. आजीला अक्षरओळख नाही. तिने तो बटव्यात ठेवला आणि मागायला गेले की अभ्यास झाला का एवढेच विचारायची. मुलाचे महिनाभर छान चालले. मग एका दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख आली. फोनचा ब्राउझर बंद, मित्र संकेतांक विसरलेला, आजी गंगापूरला लेकीकडे, आणि बटवा आजीच्या कमरेला. तो धापा टाकत शिक्षकखोलीत आला. अर्ज शेवटी गणिताच्या सरांच्या मोबाईलवरून भरला.