टू-स्ट्रोक इंजिनातील कार्बोरेटरची जुळणी : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भारतीय दुचाकीच्या इतिहासात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या शहराला विशेष स्थान आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगच्या येथील कारखान्यात तयार होणारी लूना ही ५० सीसी क्षमतेची मोपेड १९७२ मध्ये बाजारात आली. इटलीतील पियाज्जिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडच्या धर्तीवर तिची रचना होती. दूध घालणारे, प्राथमिक शिक्षक, फिरते विक्रेते अशा अनेकांनी कच्च्या रस्त्यांवर ती वर्षानुवर्षे चालविली. पुढे यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक मोटारसायकली आल्या. त्यांतील काही डर्ट ट्रॅकच्या शर्यतींसाठीही सज्ज केल्या गेल्या. या सर्व गाड्यांना बांधणारे एक समान सूत्र म्हणजे कार्बोरेटर. त्याची जुळणी हे केवळ कारागिराच्या हाताचे कसब समजले जाते. वास्तविक त्यामागे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांची सरळ तत्त्वे आहेत आणि ती नीट न समजल्यामुळे चांगली इंजिने जाम होतात. प्रस्तुत लेखात या तत्त्वांचे विवेचन केले आहे.

कार्बोरेटरचे कार्य

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथील दाब कमी होतो व त्यामुळे खालच्या कुंडातील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते. या छिद्राला जेट म्हणतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते; मात्र सर्वाधिक शक्ती साधारणतः १२.५ ते १३ या प्रमाणास मिळते. ज्यात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त ते समृद्ध मिश्रण आणि कमी ते विरल मिश्रण, असे येथे म्हटले आहे.

मिकुनी पद्धतीच्या सरकत्या झडपेच्या कार्बोरेटरमध्ये हे प्रमाण एकाच ठिकाणी ठरत नाही. थ्रॉटल जेमतेम उघडलेले असताना पायलट जेट व एअर स्क्रू यांचा अंमल असतो. त्यापुढे पाव उघडीपर्यंत झडपेच्या तळाचा तिरपा काप प्रभावी ठरतो. पाव ते पाऊण या टप्प्यात निमुळती सुई, आणि त्यानंतर मेन जेट. म्हणूनच 'गाडी ट्यून करून द्या' या मागणीवर केवळ एक स्क्रू फिरवणे हे अपुरे उत्तर आहे. तो स्क्रू पूर्ण वेगाच्या मिश्रणात जवळजवळ काहीच बदल करीत नाही. त्याची दिशाही ध्यानात ठेवावी लागते : स्क्रू झडपेच्या फिल्टरकडील बाजूस असेल तर तो हवेचा असतो व बाहेर काढल्यास मिश्रण विरल होते, इंजिनाकडील बाजूस असेल तर परिणाम नेमका उलट होतो.

इंधन हेच वंगण

फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल स्वतंत्र साठ्यात असते. साध्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र मिश्रण आधी क्रँककेसमधून जाते. त्यामुळे तेल पेट्रोलमध्येच, साधारणतः दोन ते चार टक्के, मिसळावे लागते. येथेच खरा धोका आहे. अॅव्हरेज वाढावे म्हणून जेट लहान केला की इंजिनाला पेट्रोल कमी मिळते आणि त्याच प्रमाणात तेलही कमी मिळते. विरल मिश्रणामुळे ज्वलनकक्षाचे तापमान वाढते, पिस्टन प्रसरण पावतो आणि नेमक्या त्याच वेळी वंगण घटलेले असते. पिस्टन सिलिंडरला धरतो, म्हणजेच सीझ होतो. लिटरमागे वाचविलेले दोन-तीन किलोमीटर एका बोअरिंगच्या खर्चात जातात. आरएक्स १०० मध्ये तेलाचा स्वतंत्र पंप असल्याने तेथे हा धोका काहीसा कमी असतो. परंतु शर्यतीसाठी बदललेल्या गाड्यांत हा पंप बहुधा काढून टाकतात आणि त्या गाड्या पुन्हा लूनाच्याच पंक्तीत येऊन बसतात.

यावर 'तेल थोडे जास्त घाला' हा लोकप्रिय उपाय. तो वाटतो तितका निर्दोष नाही. तेलाचे प्रमाण दोनवरून चार टक्क्यांवर नेले तर त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोल सुमारे दोन टक्क्यांनी घटते, शिवाय द्रव अधिक दाट होऊन सावकाश वाहतो. म्हणजे तेल वाढविल्याने हवा व पेट्रोल यांचे मिश्रण विरल होते.

उतारावरील गाडीचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. अहिल्यानगरहून कल्याणकडे जाताना माळशेज घाट उतरावा लागतो. गिअरमध्ये ठेवून व थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी उतरविली तर इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल येत नाही म्हणून तेलही येत नाही. अधूनमधून थ्रॉटल किंचित उघडणे किंवा क्लच दाबून इंजिन मोकळे करणे ही जुन्या चालकांची सवय शास्त्रशुद्धच होती.

हवामान व उंची

अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. येथील हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ असते. याहून लक्षणीय फरक ऋतूंचा आहे. हिवाळ्यातील पहाटेचे १० अंश आणि उन्हाळी दुपारचे ४० अंश सेल्सिअस या दोन तापमानांत हवेच्या घनतेत जवळपास दहा टक्के अंतर पडते. समुद्रसपाटीपासून १००० मीटर चढल्यावर पडणारा फरक साधारण इतकाच असतो! गाडी जागेवरून न हलताही वर्षभरात जणू एक डोंगर चढते व उतरते.

कार्बोरेटरला हवेचे वजन कळत नाही. घनता दहा टक्के घटली तर मिश्रण दहा नव्हे, तर सुमारे पाच टक्के समृद्ध होते, कारण प्रवाहाचे नाते घनतेच्या वर्गमुळाशी असते. म्हणून मे महिन्यात नेमका जुळविलेला जेट डिसेंबरच्या पहाटे विरल ठरतो. जुळणी थंड हवेत करावी. उन्हाळ्यात ती थोडी समृद्ध राहील आणि गाडी थोडा धूर करील, पण सीझ होणार नाही.

धूळ, तार आणि जेट

पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात धुळीची कमतरता नाही. फिल्टर धुळीने भरला की मिश्रण समृद्ध होते. मेकॅनिक जेट लहान करतो. पुढे केव्हातरी मालक फिल्टर धुतो आणि त्याच आठवड्यात इंजिन बसते. दोष कोणाचा, हे मग कोणालाच उमगत नाही. दुसरी वाईट सवय म्हणजे जेट तारेने साफ करणे. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.८० मिलिमीटरचे छिद्र घासून ०.८४ झाले तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते, जेटवर कोरलेला आकडा मात्र तोच राहतो. जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या झोताने साफ करावा.

जुळणीचा क्रम

जेटला हात लावण्यापूर्वी क्रँककेसचे ऑइल सील, कार्बोरेटरची जोडणी, फ्लोटची पातळी, फिल्टर आणि सायलेन्सरमधील काजळी तपासणे अत्यावश्यक आहे. सीलमधून हवा आत शिरत असेल तर कोणताही जेट तो दोष झाकू शकत नाही. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग लवकर उतरत नसेल, तर हा संशय प्रथम घ्यावा.

त्यानंतर मेन जेटपासून आरंभ करून सुई व शेवटी पायलट असा क्रम सोयीचा ठरतो. मेन जेट मुद्दाम मोठा घेऊन एकेक आकडा खाली यावे. समृद्ध मिश्रणात टू-स्ट्रोक इंजिन एकाआड एक फेरीत पेट घेते व आवाज जड, तुटक येतो. हा आवाज जेमतेम नाहीसा होतो तेथे थांबावे. मग पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर चालवून तत्काळ इंजिन बंद करावे, क्लच दाबावा आणि प्लग काढून पाहावा. तपकिरी रंग योग्य, पांढुरका विरल, ओलसर काळा समृद्ध, हा पाठ सर्वांना मुखोद्गत आहे. मात्र भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यापासून हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही. चिनी मातीच्या भागाच्या मुळाशी दिसणारे काजळीचे कडे अधिक विश्वसनीय असते.

जुळणीची मर्यादा

टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण जळका वायू बाहेर ढकलते आणि तसे करताना त्यातील पुष्कळसा भाग, काही स्थितींत एक चतुर्थांश ते एक तृतीयांश, न जळताच बाहेर पडतो. ही गळती रचनेतच आहे. उत्तम जुळणीनेही ती थांबत नाही. म्हणून प्रदूषणाचा सर्व दोष बिघडलेल्या ट्यूनिंगवर टाकणे न्याय्य नाही. २००७ च्या सुमारास बजाजने रिक्षासाठी थेट इंधन फवारणीचे टू-स्ट्रोक इंजिन आणून यावर उत्तर शोधले होते; तथापि २०२० च्या बीएस-६ मानकांनंतर दुचाकींत कार्बोरेटरच मागे पडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना हे नाव परतले ते विजेवर चालणाऱ्या दुचाकीवर.

इथेनॉलयुक्त पेट्रोल

जुन्या गाड्या मात्र अद्याप रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या टाकीतील इंधन बदलले आहे. देशात २०२५ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. इथेनॉलला ज्वलनासाठी केवळ ९ पट हवा लागते, त्यामुळे या मिश्र इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. जुना जेट तोच ठेवला तर इंजिन सुमारे आठ टक्के विरल चालते. ज्या प्रवरा खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, त्या ऊसपट्ट्यातील जिल्ह्यातच मळीपासून व उसाच्या रसापासून होणारे इथेनॉल जिल्ह्यात घडलेल्या मोपेडच्या पिस्टनवर उलटावे, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. उपाय कठीण नाही. मेन जेट एक-दोन आकड्यांनी वाढवून प्लग पुन्हा तपासावा, सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन सुई उचलावी आणि रबरी नळ्या व वॉशर बदलावेत. इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाणी वाढल्यास ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी साचते, आणि पेट्रोलचा नळ तळाशीच असतो. त्या थरात टू-टी तेल जवळजवळ विरघळत नाही. म्हणून महिनोन्महिने उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी टाकी व कार्बोरेटरचे कुंड रिकामे करून तेल मिसळलेले ताजे पेट्रोल भरावे.